मोलस्क डीएनए किट: बुळबुळीवर उतारा, पण डोकं वेगळं ठेवा

ओमेगा बायो-टेक या अमेरिकी कंपनीचं, मोलस्क म्हणजे मृदुकाय प्राण्यांच्या ऊतीतून डीएनए काढणारं ‘ई.झेड.एन.ए. मोलस्क डीएनए किट’ सागरी गोगलगायींसाठी घ्यावं का? स्वच्छ डीएनए हवा असेल तर जरूर घ्यावं. मात्र वर्गीकरणात डीएनए हा निम्माच पुरावा. त्याच प्राण्याची रॅड्युला, म्हणजे दातांची कायटिनी पट्टी, हातून गेली तर उरलेला निम्मा बुडाला. म्हणून हे किट दोन्ही अंगांनी पारखायला हवं.

कोनॉइडिया या सागरी गोगलगायींच्या महाकुळात हे लगेच पटतं. जुन्या ‘टरिडी’ कुळात वाट्टेल ते कोंबलेलं होतं. 2011 मध्ये बूशे आणि सहकाऱ्यांनी जनुकक्रम आणि शरीररचना शेजारी मांडून 15 कुळांची नवी मांडणी केली. भारतीय किनाऱ्यावर ट्रॉलच्या जाळ्यात येणारी टरिक्युला जावाना आता क्लॅव्हाट्युलिडीत आहे. ड्रिलिइडी आणि स्यूडोमेलाटोमिडी यांचे शंख तर जाणकारालाही चकवतात. रॅड्युला काढली की वाद मिटतो: ड्रिलिइडीत प्रत्येक ओळीत पाच दात आणि त्यातले दोन कंगव्यासारखे, स्यूडोमेलाटोमिडीत तो कंगवा नसतोच.

किटची खरी ताकद एमएल१ बफरमध्ये, म्हणजे ऊती विरघळवणाऱ्या द्रावणात आहे. त्यात सीटॅब हे साबणासारखं रसायन आहे. गोगलगायीच्या स्रावातली म्युकोपॉलिसॅकराइड्स (बुळबुळीतली साखरेच्या साखळ्यांची द्रव्यं) डीएनएच्या मागे मागे शेवटपर्यंत येतात आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया, अडवतात. क्षार भरपूर असताना सीटॅब त्यांना पकडतं, मग क्लोरोफॉर्म त्यांना प्रथिनांसह बाजूला काढतं. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (24:1) आणि शुद्ध इथेनॉल मात्र पदरचं घालायचं, शिवाय वाफ ओढून घेणारं कपाट (फ्यूम हूड) हवंच. थंडगार एसी खोलीत सीटॅबचा साका बसतो. बाटली कोमट करून हलवल्याशिवाय वापरू नका.

ऊती 30 मिलिग्रॅमपर्यंत चालते, पण तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरे. जास्त घातली की डीएनए वाढत नाही, बुळबुळ वाढते आणि डीएनए धरून ठेवणारी गाळणीची नळी, म्हणजे कॉलम, तुंबतो. पायाचा स्नायू सर्वोत्तम: इथेनॉलमध्ये खळबळून, टिपकागदावर टिपून, बारीक चिरून घ्यायचा. पाचक ग्रंथीला हात लावू नका. तिथे स्राव आणि रंगद्रव्यं तर असतातच, शिवाय जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा क्रम गोगलगायीऐवजी तिने खाल्लेल्या किड्याचा हाती येऊ शकतो. (शंखात गोगलगायीऐवजी खेकडा नाही ना, हेही आधी बघा. हसण्यावारी नेऊ नका.)

350 मायक्रोलिटर एमएल१, 25 मायक्रोलिटर प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं विकर), 60 अंश सेल्सिअस. ऊती पूर्ण विरघळेपर्यंत थांबा. जुन्या, कडक झालेल्या नमुन्याला रात्रभर ठेवणंच बरं. मग तेवढंच क्लोरोफॉर्म घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. सगळ्यात नाजूक क्षण इथे येतो. वरचा पाण्याचा थर उचलताना मधला पांढरा पडदा पिपेटमध्ये आला की आधीची मेहनत वाया. शेवटचे 40-50 मायक्रोलिटर सरळ सोडून द्या. थर गढूळ दिसला तर क्लोरोफॉर्मची पायरी पुन्हा करा. पुढची कॉलमची कामं नेहमीचीच. फक्त दुसऱ्या धुण्यानंतर रिकामा कॉलम नीट कोरडा फिरवा, उरलेलं इथेनॉलही पीसीआर बिघडवतं. डीएनएची शुद्धता सांगणारं 260/230 चं गुणोत्तर खाली असेल आणि सीओआयसाठीच्या नेहमीच्या फोल्मर प्रायमरने जेलवर पट्टा उमटत नसेल, तर प्रायमर बदलण्याआधी डीएनए दहापट पातळ करून बघा.

आता रॅड्युला. किटची पद्धत ऊती चिरायला सांगते. डोक्याचा भाग चिरला की दात तुटले. त्यामुळे सोंड आणि मुखपुंज (तोंडाचा स्नायूंचा गोळा, रॅड्युला यातच असते) अख्खा कापून दुसऱ्या नळीत, त्याच एमएल१ आणि प्रोटिनेज केमध्ये ठेवा. व्हॉर्टेक्सवर घुसळणं नाही, क्लोरोफॉर्म नाही. मांस विरघळतं, कायटिन तसंच राहतं. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी उचलून ऊर्ध्वपातित पाण्यात तीन-चारदा धुवा, नाहीतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दातांऐवजी क्षारांचे स्फटिक दिसतील. दोन्ही नळ्यांवर आणि शंखावर एकच क्रमांक हवा. जननेंद्रियं किंवा अन्ननलिका बघायची असेल तर विच्छेदन आधी उरका. विरघळलेल्यातून ती परत मिळत नाहीत.

नमुनाच चुकीचा साठवला असेल तर किट काही करू शकत नाही. फॉर्मॅलिनमधला नमुना इथे आणू नका. इथेनॉलमध्येही शंखाचं झाकण घट्ट मिटलेली गोगलगाय आतून कुजते. आधी 7.5 टक्के मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये शिथिल करा किंवा शंखाला पकडीने चीर द्या, मग 95 टक्क्यांवरचं इथेनॉल.

क्लोरोफॉर्म नको असेल तर क्वायजेनचं डीनीझी किट सोपं आहे. लहान, कमी स्रावाच्या गोगलगायींना ते पुरतं. मोठ्या, चिकट प्राण्यांना मी मोलस्क किटच सुचवेन. एकाच जातीचे शेकडो नमुने असतील तर दोन्ही महाग. तिथे हाताने बनवलेला बफर वापरा: 2 टक्के सीटॅब, 1.4 मोलर मीठ, 100 मिलिमोलर ट्रिस (पीएच 8), 20 मिलिमोलर ईडीटीए आणि ऐनवेळी 0.2 टक्के मर्कॅप्टोइथेनॉल. वेळ जास्त लागतो, दुर्गंध येतो, पण डीएनए चांगला मिळतो. किट राखून ठेवा ते एकुलत्या एका नमुन्यासाठी.