ताइनानमध्ये काय खायचं, कुठे आणि किती वाजता

ताइनान हे तैवानचं सर्वांत जुनं शहर. डचांनी १६२४ मध्ये आनपिंगच्या किनाऱ्यावर किल्ला बांधायला घेतला आणि तिथून पुढे दोनशेहून जास्त वर्षं बेटाचा कारभार इथूनच चालला. तैवानी माणसाला खाण्याचं शहर कोणतं विचारलं, तर बहुतेक वेळा तो ताइनानचंच नाव घेतो.

इथली साधी खाणावळ सहसा एका पदार्थावर चालते. फार तर जोडीला दोन सूप आणि एक भाजी असते. त्यामुळे 'चांगलं हॉटेल कोणतं' असं विचारून इथे काम भागत नाही. एखादं दुकान पहाटे पाचला उघडतं आणि दहा-अकरापर्यंत माल संपवून शटर ओढतं. दुसरं संध्याकाळशिवाय चूलच पेटवत नाही. म्हणून आधी वेळ ठरवा, मग आपण काय खात नाही ते, आणि सगळ्यात शेवटी दुकानाचं नाव. वाडगे लहान असतात. एका जागी पोट भरून घेण्यापेक्षा एका जेवणात दोन-तीन दुकानं करायची, हीच इथली रीत आहे.

चवीबद्दल एक सूचना आधीच देतो. हा उसाचा, साखरेचा मुलूख, आणि त्याचा गोडवा रश्श्यात, सॉसमध्ये, परतलेल्या नूडल्समध्येही उतरतो. तिखटाची सवय असेल तर टेबलावरची मिरचीची चटणी, पांढरी मिरपूड आणि काळं व्हिनेगर हाताशी ठेवा. पण पहिले दोन घोट काही न घालता घ्या.

पहाटे ते सकाळी दहा

सकाळी तीन पर्याय आहेत आणि तिन्हींचा खाणारा वेगळा आहे.

बीफ खाणाऱ्यांनी बीफ सूप चुकवू नये. शहराच्या उत्तरेला शानह्वा भागात कत्तलखाना आहे. तिथून रात्रीचं मांस न गोठवता पहाटेच दुकानांत पोचतं. वाडग्यात कच्च्या मांसाचे पातळ काप ठेवून त्यांवर उकळता रस्सा ओततात आणि वाडगा लगेच समोर येतो. काप गुलाबी असतानाच खायचे. फोटो काढण्यात दोन-तीन मिनिटं गेली, तर रश्श्याच्या उष्णतेने तेच काप राखाडी आणि चिवट होतात. सोबत आल्याच्या बारीक सळ्या आणि दाट सोया सॉस मिळतो. मांस त्यात बुडवून खा, सॉस सूपमध्ये ओतू नका. हलका गोडसर रस्सा हाच या वाडग्याचा जीव आहे आणि सॉसने तो झाकून जातो. हायआन रस्त्यावरचं 'ल्योछ्येन' पहाटेचं दुकान आहे, तिथे उशिरा जाण्यात अर्थ नाही. पहाटे उठणं जमणार नसेल तर आनपिंग रस्त्यावरचं 'वनझांग' पाहा. ते मोठं आहे आणि दिवसाही चालतं. पहाटेच्या वाडग्याचा ताजेपणा मात्र दुपारी सापडत नाही.

मासे खाणाऱ्यांना, आणि यात बहुतेक कोकणी-गोमंतकीय वाचक येतात, आमची शिफारस आहे खाऱ्या पेजेची. शीमेन रस्त्यावरचं 'आ-थांग' यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या पेजेसारखा भात यात विरघळलेला नसतो. माशाच्या रश्श्यात शितं सुटी राहतात. वरून मासा, शिंपल्यातली कालवं, तळलेला लसूण आणि कोथिंबीर. मासा मुख्यतः मिल्कफिश, म्हणजे दक्षिण तैवानचा तळ्यात वाढवलेला मासा. पाला माशासारखाच हा काट्यांनी भरलेला असतो, त्याचे २२२ काटे सांगितले जातात. दुकानात तो काटे काढूनच येतो, तरी लहान मुलाला भरवताना बोटांनी चाचपून घ्या. त्याचं पोट काळ्या पातळ त्वचेचं आणि लोण्यासारखं चरबीदार असतं. ज्यांना चरबी चालत नाही त्यांनी पोटाऐवजी पाठीचा तुकडा मागावा. पेजेतला दुसरा मासा चाखताच ओळखाल, कारण ती आपली सुरमईच आहे. सोबत तळलेली कणकेची लांब कांडी घेऊन रश्श्यात बुडवतात. माशाची आतडी हीसुद्धा इथली खासियत आहे, पण ती अगदी ताजी असतानाच खाण्यासारखी असते आणि सकाळी सर्वांत आधी तीच संपते. नऊनंतर कुठे मिळाली तर सोडून द्या.

शाकाहाऱ्यांसाठी सकाळचा पदार्थ म्हणजे 'त्साय झोंग'. चिकट तांदूळ आणि अख्खे शेंगदाणे पानात बांधून तासन्‌तास उकडतात. पान सोडून वर शेंगदाण्याचं कूट, दाट सोया सॉस आणि कोथिंबीर घालतात. हे पान बहुधा आले-हळदीच्या कुळातल्या झाडाचं असतं, त्यामुळे हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना यात काहीतरी ओळखीचं लागेल. दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे सोबतचं मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं सूप, ज्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा अर्क असतो. दुसरं, याच दुकानात डुकराच्या मांसाचे 'रो झोंग'ही असतात आणि काही ठिकाणी दोन्ही एकाच भांड्यात उकडतात. काटेकोर असाल तर आधी विचारा.

दुपारी कोणत्या नूडल्स?

पहिल्यांदाच जात असाल तर दानझाय नूडल्स घ्या. झोंगझेंग रस्त्यावरचं 'दु श्याव युए' हे दुकान १८९५ पासूनचं. मूळ पुरुष होंग यू-थोउ हा मच्छीमार होता. वादळांच्या महिन्यांत होडी समुद्रात घालता येत नसे, तेव्हा खांद्यावरच्या कावडीतून तो नूडल्स विकायचा. दुकानाच्या नावाचा अर्थच 'मंदीचे महिने काढणं' असा आहे, आणि 'दान' म्हणजे कावड. आजही आचारी ठेंगण्या चुलीपुढे बुटक्या स्टुलावर बसून वाडगा भरतो: नूडल्स, कोळंबीच्या डोक्यांचा रस्सा, मंद आचेवर शिजवलेला डुकराचा खिमा, चमचाभर लसणाचं वाटण, काळं व्हिनेगर आणि वर एक कोळंबी. वाडगा चार-पाच घासांचा असतो. 'एवढंसंच?' असं म्हणून निराश होणारे बरेच असतात, पण हा पदार्थ मधल्या खाण्यासाठीच जन्मला. जागा नीटनेटकी, मेनू समजण्यासारखा, म्हणून वयस्कर आई-वडील सोबत असतील तर आम्ही हेच सुचवू. याच्या शाखा तैपेईतही आहेत. ताइनानमध्ये एकच दिवस असेल आणि तैपेईला परतायचं असेल, तर हा वाडगा तिथे खाऊन इथली वेळ वाचवता येईल.

दुसरा पर्याय ईल नूडल्सचा, आणि चवीत तो वरचढ आहे. गोड्या पाण्यातल्या वामीसारख्या माशाचे काप भडक आचेवर काही सेकंद परततात. त्यात तळून ठेवलेल्या नूडल्स, कांदा, व्हिनेगर आणि भरपूर साखर जाते. कोरडा आणि दाट रश्श्याचा असे दोन प्रकार मिळतात. पहिल्यांदा कोरडा घ्या, त्यात कढईचा जळका वास नीट लागतो. दाट प्रकार गार होताच खळीसारखा होतो. काप दाताखाली कुरकुरला पाहिजे. रबरासारखा ओढला गेला तर आचाऱ्याचा हात चुकला असं समजा. ही दुकानं दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी रंगतात.

सुरमई आवडत असेल तर तिसरंही आहे: तळलेल्या सुरमईचे तुकडे घातलेलं दाट, गोडसर सूप. तुकडे सूपमध्ये पडले की कवच दोन मिनिटांत मऊ पडतं. कुरकुरीत हवे असतील तर तळलेली सुरमई वेगळ्या बशीत मागा.

ग्वोह्वा रस्ता

वेळ फक्त दोन तास असेल तर दुसरीकडे जाऊच नका. योंगले मार्केटला लागून असलेल्या ग्वोह्वा रस्त्याच्या तिसऱ्या भागात काही पावलांच्या अंतरावर सगळं मिळतं. कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा ही वेळ उत्तम. शनिवार-रविवारी रांगा रस्त्यावर येतात आणि स्कूटर त्यांच्यामधूनच जातात, तेव्हा मुलांचा हात सोडू नका.

'फू शंग हाव'चं 'वा ग्वे' म्हणजे वाडग्यातच वाफवलेलं तांदळाचं पीठ. उकडीसारखंच, पण घट्ट झालेलं आणि सॉसमुळे तपकिरी. आत डुकराचं मांस असतं. मऊ असल्यामुळे दात कमजोर असलेल्यांना चालतं, पण ज्यांना पोताचा बदल हवा त्यांना दोन चमच्यांनंतर कंटाळवाणं वाटेल. त्यांनी 'जिन द'चा स्प्रिंग रोल घ्यावा. हा तळलेला नसतो. पातळ पोळीत कोबी, अंडं, टोफू, मांस, कोळंबी, दाण्याचं कूट आणि साखर गुंडाळून तव्यावर कोरडा शेकतात. तो तिथेच उभं राहून खायचा असतो. पिशवीत अर्धा तास ठेवला तर साखरेमुळे कोबीला पाणी सुटतं आणि पोळी फाटते. 'आ-सोंग'चा 'ग्वा बाव', म्हणजे वाफवलेल्या पावात दुमडलेलं डुकराचं मांस, तिघांत सर्वांत पोटभरीचा आहे. दोघांनी मिळून तिन्ही घेतलं तर जेवण होतं.

'शवपेटी पाव' या नावाने लोक ओढले जातात. खांग्ले मार्केटमधल्या 'छीकान'मध्ये तो मिळतो. पावाची जाड वडी तळून, वरचं झाकण कापून आतली पोकळी दुधाच्या पांढऱ्या दाट रश्श्याने भरतात. त्यात चिकन, समुद्री जिन्नस, गाजर, मटार असतं. झाकण मोडून रश्श्यात बुडवत कोपऱ्यापासून सुरुवात करा. मधोमध सुरी घातली तर सगळं बशीत सांडतं. आमच्या मते दोघांत एक पुरे. त्याला दुपारच्या जेवणाची जागा देऊ नका.

आनपिंगला जावं का?

किल्ला पाहणार असाल तर नक्की, फक्त खाण्यासाठी नको. शहरात मेट्रो नाही, बसची वाट पाहावी लागते. आनपिंगची खासियत म्हणजे कोळंबीचे रोल. 'चोउ'चं दुकान मोठं आहे, काउंटरवर ऑर्डर देऊन ताट उचलायचं असतं, त्यामुळे भाषेची अडचण कमी येते. डुकराचं मांस वर्ज्य असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: पारंपरिक रोलवर पिठाखाली डुकराच्या पोटातल्या चरबीच्या जाळीचं आवरण असतं. नाव कोळंबीचं असलं तरी तो त्यांच्यासाठी नाही. जवळच 'थोंग जी'चं तोउह्वा, म्हणजे सोयाच्या दुधाचं थरथरतं दही, साखरेच्या पाकात येतं. वर लाल चवळीसारख्या गोड डाळी किंवा साबुदाण्याचे मोती. उन्हात गार घ्या. शाकाहारी, दूध टाळणारे, लहान मुलं, सगळ्यांना चालतं.

जे खात नाही त्याचं काय

तैवानमध्ये शाकाहार बौद्ध आणि ताओ परंपरेतून आलेला असल्यामुळे त्यात सहसा कांदा-लसूणही नसतो. वेष्टनावर शाकाहाराचे पाच प्रकार छापलेले असतात: शुद्ध, अंड्याचा, दुधाचा, अंडं-दूध दोन्हींचा, आणि कांदा-लसूण असलेला. जैन वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं की बटाटा, गाजर, मुळा यांना इथे कसलीच बंदी नाही. पाटीवरचं डावीकडे वळलेलं स्वस्तिक म्हणजे शाकाहारी दुकान. यातलं सर्वांत भरवशाचं ठिकाण म्हणजे शाकाहारी बुफे: ताटलीत भाज्या वाढून घ्यायच्या, काही ठिकाणी वजनावर, काही ठिकाणी नजरेच्या अंदाजाने पैसे. साडेअकराला जा, एकनंतर उरलेलं गार होतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक स्थानिक लोक शाकाहार पाळतात, तेव्हा गर्दी असते.

साध्या खाणावळीत 'उकडलेली पालेभाजी' मागवणं ही शाकाहाऱ्यांची नेहमीची चूक. तिच्यावर डुकराचा खिमा घालून देतात. 'बू याव रो झाव' म्हणजे 'खिमा नको', पण रस्सा आणि चरबी तरीही तीच असू शकते. बीफ नको असेल तर 'वो बू छ्र न्यो रो' सांगा. शेतीच्या बैलाबद्दलच्या कृतज्ञतेने बीफ न खाणारी माणसं तैवानमध्येही आहेत, त्यामुळे कोणाला नवल वाटत नाही.

पैसे रोख ठेवा, शंभरच्या नोटा सुट्या. एक तैवानी डॉलर साधारण तीन रुपये धरा. टेबलावरच्या छापील चिठ्ठीवर पेन्सिलीने आकडा लिहून, टेबल नंबर घालून ती काउंटरवर द्यायची. 'नेय योंग' म्हणजे इथेच खाणार, 'वाय दाय' म्हणजे बांधून. टिप देत नाहीत.

जेवणानंतर दोन ठिकाणं. कन्फ्यूशस मंदिरासमोरचं 'लिली' फळांचं दुकान. तिथे टोमॅटोचे काप आलं, सोया सॉस, साखर आणि ज्येष्ठमधाच्या पुडीबरोबर देतात, ते आधी खा आणि मग फळांचा बर्फ. जून-जुलैत गेलात तर आंब्याचा घ्या. आपला हापूस संपतो तेव्हा ताइनानच्या यूजिंगचा 'आयवन' आंबा भरात येतो. तो रसाळ असतो, पण हापूसचा सुगंध त्यात शोधू नका. दुसरं, योंगफू रस्त्यावर युद्धदेवतेच्या जुन्या मंदिराशेजारचं 'यी फंग'. इथे कोहळा साखरेत आटवून त्याचं गार सरबत विकतात. नुसतं फार गोड वाटलं तर लिंबू घातलेलं मागा.