केन्इ, सेन्मोन्का की तोओक्योकु?

'ते या विषयातले अधिकारी आहेत' आणि 'ते मंत्रालयात अधिकारी आहेत'. मराठीत एकच शब्द दोन्हीकडे खपून जातो, जपानीत खपत नाही. एका नामवंत हृदयरोगतज्ज्ञांची जपानी पाहुण्यांशी ओळख करून देताना मी त्यांना 'केन्र्योकुशा' म्हणालो. पाहुणे एकदम सावरून बसले. डॉक्टरांना मी सत्ताधीश करून टाकलं होतं!

तिथे हवा होता 'केन्इ'. 'शिन्झो गेका नो केन्इ' म्हणजे हृदयशस्त्रक्रियेत ज्यांचा शब्द प्रमाण. दोन्ही शब्दांत 'केन्' आहे, पण केन्र्योकुशाच्या पुढच्या अक्षराचा अर्थ बळ, आणि त्या शब्दाला बहुतेक वेळा टीकेचा वास येतो.

'सेन्मोन्का' म्हणजे तज्ज्ञ. अडलात तर हाच वापरा, सहसा चुकत नाही. फक्त स्वतःला लावू नका, फुशारकी वाटते. 'माझा विषय अमुक' अशा अर्थाचं 'सेन्मोन् वा... देस' म्हणावं. केन्इ तर स्वतःबद्दल कुणी म्हणतच नाही.

खरी गोची सेन्मोन्का आणि 'युउशिकिशा' यांच्यात होते. दोघांनाही सरकार सल्ल्याला बोलावतं. २०२० मध्ये कोरोनासाठी नेमलेली समिती 'सेन्मोन्का काइगि' होती, कारण तिथे साथरोगाची जाण असलेली माणसं हवी होती. २०१९ मध्ये 'रेइवा' या नव्या कालगणनेचं नाव ठरवण्याआधी ज्या नऊ जणांचं मत घेतलं, ते युउशिकिशा. त्यांत नोबेल मिळवलेले यामानाका शिन्या होते, कादंबरीकार हायाशी मारिको होत्या. जुन्या ग्रंथांतून नावं शोधणं हा दोघांचाही विषय नव्हे; जाणती, प्रतिष्ठित माणसं एवढीच अट. आपल्या 'मान्यवर'च्या फार जवळचा शब्द.

'गोयोओ-गाकुशा' मात्र चुकूनही तोंडावर म्हणू नका. तो म्हणजे दरबारी पंडित. २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर ही शिवी फार ऐकू आली.

सत्तेच्या बाजूला बातमीसाठी 'तोओक्योकु', म्हणजे संबंधित यंत्रणा; समोरच्या एका माणसाला तो लावत नाहीत. मंत्रालयातला माणूस 'कोओमुइन्'. 'याकुनिन्'ही तोच, पण थोडं नाक मुरडून म्हटलेला. 'ओएराइसान्' म्हणजे 'बडी धेंडं', चहाच्या टेबलावर ठीक, ईमेलमध्ये नको.

समोरासमोर हाक मारताना यातलं काहीच लागत नाही. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, अगदी खासदारसुद्धा 'सेन्सेइ'. मीही शेवटी त्या हृदयरोगतज्ज्ञांना सेन्सेइ म्हणूनच सुटलो.

जाता जाता: कलेतल्या थोर माणसाला 'ताइका' म्हणतात. तीच दोन अक्षरं 'ओओया' अशी वाचली की घरमालक. मोठ्यानं वाचण्याआधी मजकूर चित्रांचा आहे की भाड्याचा, एवढं बघून घ्या.