जुन्या गाडीचा विमा: थर्ड पार्टी, फुल इन्शुरन्स की ठरलेली किंमत?

पद्मिनी, अँबॅसिडर, कॉन्टेसा किंवा विलीज जीप जिवापाड जपणाऱ्या माणसाला गाडीची किंमत विचारा. तो चार-पाच लाख सांगेल आणि तेवढे देणारं गिऱ्हाईकही त्याला मिळेल. त्याच गाडीच्या पॉलिसीवर मात्र आयडीव्ही (इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) पन्नास-साठ हजार छापलेली असते. गाडी धावते आहे, हप्ता कमी आहे, म्हणून त्या आकड्याकडे कोणी बघत नाही. गाडी चोरीला गेली किंवा जळाली की कंपनी त्या आकड्यापलीकडे एक रुपया देत नाही. त्यामुळे हप्त्याची तुलना करण्याआधी हा आकडा कसा ठरतो ते समजून घ्यायला हवं.

आपल्याकडचा मोटार विमा अजूनही बराचसा 2002 च्या इंडियन मोटर टॅरिफच्या, म्हणजे विम्याचे दर आणि अटी ठरवणाऱ्या नियमावलीच्या भाषेत चालतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर 2007 पासून खुले झाले, पण पॉलिसीतल्या अटी बहुतेक ठिकाणी त्याच आहेत. या टॅरिफमध्ये घसाऱ्याचा, म्हणजे वयानुसार गाडीची किंमत किती कमी धरायची याचा तक्ता आहे: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, मग 20, 30, 40 आणि पाचव्या वर्षी 50. तक्ता तिथेच संपतो. पाच वर्षांवरच्या गाडीची आणि बंद पडलेल्या मॉडेलची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे तुमच्या पद्मिनीचे साठ हजार हा कुठल्या कायद्याने आलेला आकडा नाही. कोणीतरी तो सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि तुम्ही मान्य केलात, एवढाच त्याचा अर्थ.

फक्त थर्ड पार्टी

मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार हा विमा सक्तीचाच आहे. 2022 च्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला 3,416 रुपये, 1500 च्या वर 7,897 रुपये आणि विंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला निम्मा दर आहे. दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी कंपनी घेते, तुमच्या गाडीला मात्र काही मिळत नाही. गाडी अजून अर्धवट उघडलेली, इंजिन बाहेर काढून ठेवलेलं, किंमत करण्यासारखी झालेलीच नाही, अशा काळात हा पर्याय ठीक आहे. रिस्टोरेशन पूर्ण झाल्यावरही यावरच थांबणारे बरेच जण मला माहीत आहेत आणि ते मला पटत नाही. दोन-तीन वर्षं पत्राकाम, क्रोम प्लेटिंग आणि सीटच्या कामावर पैसे ओतायचे आणि शेवटी एका ठिणगीच्या भरवशावर गाडी उभी करायची, हा हिशेब जुळत नाही. जुन्या वायरिंगला आग लागणं तर अगदी नेहमीचं आहे.

थर्ड पार्टीसोबत आग आणि चोरी

हा मधला मार्ग टॅरिफमध्ये आहे, पण एजंट सहसा आपणहून सांगत नाहीत. थर्ड पार्टीला फक्त आग, फक्त चोरी किंवा दोन्ही जोडून घेता येतं. गाडी गॅरेजमध्ये कायमची उभी असेल, रस्त्यावर आणायचीच नसेल, तर नुसतं आग-चोरीचं संरक्षणही देता येतं. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी फिरणाऱ्या गाडीला धडकेपेक्षा हेच दोन धोके मोठे असतात.

पूर मात्र यात येत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कितीतरी गाड्या पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या बुडाल्या. तुमची गाडी तळघरात, नदीकाठी किंवा सखल भागात उभी राहत असेल तर पुढचाच पर्याय बघा.

फुल इन्शुरन्स, पण आयडीव्ही भांडून घेतलेली

माझ्या मते बहुतेकांसाठी उत्तर इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

प्रमाणित पॉलिसीत एक वाक्य असतं. टोटल लॉसच्या, म्हणजे गाडी पूर्ण गेल्याच्या किंवा दुरुस्तीपलीकडे गेल्याच्या दाव्यासाठी आयडीव्ही हीच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत गाडीची बाजारकिंमत मानली जाईल, पुढे आणखी घसारा लागणार नाही, असा त्याचा आशय. म्हणजे पॉलिसी काढताना चार लाखांची आयडीव्ही कागदपत्रांच्या आधारावर मान्य करून घेतली, तर चोरी झाल्यावर ‘इतकी जुनी गाडी, चार लाख कसले?’ या वादाला फारशी जागा उरत नाही. ‘ठरलेली किंमत’ हे नाव नसलं तरी मोठ्या नुकसानीत काम जवळपास तेच होतं.

आता धडकेचं बघू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, हिशेबाची रीत मात्र खरी आहे. 1974 ची पद्मिनी, 1089 सीसी, समोरून धडक. फेंडर, बॉनेट आणि ग्रिल मिळून 24,000, रबर आणि प्लास्टिकचे भाग 4,000, पुढची काच 7,000, रंगकाम 20,000, डेंटिंगची मजुरी 15,000. गॅरेजचं बिल 70,000.

दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांना 50 टक्के घसारा, म्हणून 24,000 चे 12,000. रबर-प्लास्टिकलाही 50 टक्के, उरले 2,000. काचेला घसारा नाही, पूर्ण 7,000. रंगाचं बिल एकत्र असेल तर त्यातला चौथा हिस्सा रंगाचं सामान धरतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात, म्हणजे 17,500 मिळतात. मजुरी पूर्ण 15,000. बेरीज 53,500, त्यातून सक्तीची 1,000 ची वजावट. हातात 52,500, खिशातून 17,500.

हे झालं आयडीव्ही चार लाख असताना. तीच साठ हजार असेल तर दुरुस्तीचा देय खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या, म्हणजे 45,000 च्या वर जातो आणि गाडी टोटल लॉस ठरते. हेडलाइटपाशी चेपलेली, इंजिन धडधाकट असलेली गाडी! कंपनी 59,000 देऊन गाडी मोडीत काढू पाहते, आणि तुम्हाला ती ठेवायची असेल तर मोडीची किंमत त्यातून वजा होते. कमी आयडीव्ही फक्त चोरीच्या वेळी नडते असं समजणाऱ्यांनी हा हिशेब दोनदा वाचावा. साध्या अपघातातही ती गाडी तुमच्या हातातून काढून घेऊ शकते.

याची किंमत किती? जुन्या टॅरिफमध्ये पुण्या-मुंबईत एवढ्या जुन्या गाडीला आयडीव्हीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास दर होता. त्या मापाने साठ हजारांवर सुमारे 2,100 आणि चार लाखांवर सुमारे 14,000 रुपये होतात. आता कंपन्या यावर सवलत देतात, दावा न केल्याचा नो क्लेम बोनस 50 टक्क्यांपर्यंत चढतो, शिवाय 18 टक्के जीएसटी लागतो. फरक हजारोंत आहे हे खरं. पण चार लाखांच्या गाडीच्या एका प्लेटिंगच्या कामाएवढाच तो आहे.

एक उणीव मात्र राहते. आयडीव्ही कितीही वाढवली तरी सुट्या भागांचा निम्मा घसारा चुकत नाही. घसारा न कापणारं झीरो डेप्रिसिएशनचं कव्हर एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणून छोट्या धडकेसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवा आणि विमा मोठ्या संकटासाठी आहे असं समजा. किरकोळ दावे केले नाहीत तर बोनसही टिकतो.

ठरलेल्या किमतीची विंटेज पॉलिसी

ठरलेल्या किमतीची पॉलिसी टॅरिफने एरवी नाकारली आहे, अपवाद फक्त विंटेज गाड्यांचा. त्यासाठी गाडी 31 डिसेंबर 1940 पूर्वी बनलेली हवी आणि तिला व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र हवं. अशा गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात 25 टक्के सवलतही आहे. तुमच्याकडे 1930 च्या दशकातली ऑस्टिन किंवा मॉरिस असेल तर दुसरं काही बघूच नका, हेच मागा. गाडी पूर्ण गेली तर ठरलेली रक्कम घसाऱ्याविना मिळते.

इथे एक घोळ होतो. 15 जुलै 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नव्याने मिळणाऱ्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. पूर्वीपासून नोंदलेली गाडी आपला जुना क्रमांक ठेवू शकते. 1974 ची पद्मिनी या व्याख्येत बसते, पण टॅरिफच्या 1940 च्या रेषेत बसत नाही. आरटीओने विंटेज म्हटलं म्हणून विमा कंपनी ठरलेली किंमत देईलच असं धरून चालू नका. शिवाय या नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रोज नाही तरी आठवड्याला बायको-मुलांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी जाणाऱ्याने ही नोंदणी घेऊ नये, असं मला वाटतं.

परदेशातल्या मराठी मंडळींना हे सगळं सोपं आहे. ब्रिटन-अमेरिकेत क्लासिक गाड्यांसाठी ठरलेल्या किमतीच्या पॉलिसी सर्रास मिळतात. फक्त अमेरिकेत ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ आणि ‘स्टेटेड व्हॅल्यू’ यांत फरक बघा. दुसऱ्या प्रकारात तुम्ही सांगितलेली रक्कम आणि त्या दिवशीची बाजारकिंमत यांतली कमी असेल ती मिळू शकते.

आयडीव्ही मान्य करून घेताना

ऑनलाइन पोर्टलवर वीस-तीस वर्षांच्या गाडीला बऱ्याचदा फुल इन्शुरन्सचा पर्यायच दिसत नाही. शाखेत जा, शक्यतो सरकारी कंपनीच्या, आणि सोबत परवानाधारक सर्व्हेअर-व्हॅल्युअरचा मूल्यांकन अहवाल न्या. त्यात चेसिस आणि इंजिन नंबरचं पेन्सिलने घेतलेलं ट्रेसिंग असू द्या आणि ते आरसीशी अंकागणिक जुळू द्या. इंजिन बदललेलं असेल, डिझेल बसवलं असेल, तर आधी आरसीवर नोंद करून घ्या. दाव्याच्या वेळी पहिला अडसर तिथेच येतो. रिस्टोरेशनची बिलं लावा. चोर बाजारातून किंवा भंगारवाल्याकडून आणलेल्या भागांची बिलं नसतात, म्हणून त्यांचे तारखेसह फोटो ठेवा. त्याच मॉडेलच्या दोन-चार विक्रीच्या किमती जोडल्या तर शाखा अधिकाऱ्यालाही वरच्या कार्यालयाला उत्तर देणं सोपं जातं.

रॅलीला जाणार असाल तर आधी विचारा. साध्या पॉलिसीत शर्यत आणि विश्वासार्हता चाचणी (रॅलीसारखे प्रकार) वगळलेली असते; त्यासाठी आयएमटी 31 नावाची वेगळी पुरवणी आहे.

नूतनीकरणाची लिंक मोबाइलवर येते तेव्हा आयडीव्ही पुष्कळदा परस्पर कमी केलेली असते. पैसे भरण्याआधी तो आकडा बघा आणि कमी असेल तर भरू नका, शाखेला फोन करा. मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी हे काम हातात घ्या, कारण पॉलिसी तुटली की गाडीची पुन्हा तपासणी होते आणि 90 दिवस उलटले तर साठवलेला नो क्लेम बोनसही जातो.