मायक्रॉन ५: कार्टच्या स्टिअरिंगवर हा लॉगर हवाच का?

मुंबईच्या मुलाला फॉर्म्युला फोरपर्यंत, म्हणजे फॉर्म्युला वनकडे जाणाऱ्या शिडीच्या खालच्या पायरीपर्यंत, पोचायचं तर आधी टू-स्ट्रोक कार्ट ही छोटी, उघडी शर्यतगाडी शिकावी लागते, आणि तिचा खरा सराव म्हणजे कोल्हापूर नाहीतर बंगळुरू. महिन्यात दोन दिवस ट्रॅक मिळाला तरी खूप. म्हणून त्या दोन दिवसांतला प्रत्येक लॅप (ट्रॅकची फेरी) नंतर घरी बसून वाचता यायला हवा. इटलीच्या एआयएम कंपनीचा मायक्रॉन ५ हा लॉगर, म्हणजे स्टिअरिंगवर बसणारं नोंदयंत्र, हे काम चोख करतो. लॅप टाइम दाखवतो म्हणून घेऊ नका, तेवढं साधं टायमिंगही करतं.

आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), इंजिनच्या पाण्याचं तापमान आणि आतल्या जीपीएसवरून वेग व रेषा (कार्ट ट्रॅकवर कुठून गेली) या तिन्हींची नोंद तो ठेवतो. रन संपला की वाय-फायवरून लॅपटॉपवर उतरवायचं. रेस स्टुडिओ ३ हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. घरात मॅकबुकच असेल तर आधीच सोय करा.

बसवताना बहुतेकांची गल्लत आरपीएमच्या वायरीपाशी होते. ती स्पार्क प्लगच्या जाड वायरीला घट्ट धरलेली हवी. सैल राहिली की आकडे उड्या मारतात आणि मेकॅनिक उगाच कार्ब्युरेटर खोलून बसतो. तापमानाची वायर मात्र प्लगच्या वायरीपासून लांब न्या आणि केबल टायने बांधा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून ताण येत नाही ना ते पाहा. स्टिअरिंगवरचे स्क्रू थरथरीने ढिले पडतात, दर सेशनआधी तपासा.

रोटॅक्स या कार्टच्या इंजिनमध्ये पाणी साधारण ५० ते ६० अंशांत राहिलेलं बरं. सकाळच्या गारव्यात रेडिएटरवर टेपचे पट्टे लावा, ऊन चढलं की एकेक काढा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, हवा विरळ. मुंबईत ठीक चाललेलं जेटिंग (कार्ब्युरेटरमध्ये किती पेट्रोल जाईल हे ठरवणाऱ्या जेटची निवड) तिथे रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं. सरळ पट्ट्याच्या शेवटी आरपीएम अडखळताना आलेखात दिसला तर लहान जेट लावून बघा.

वाचायचं कसं? मुलाचा सर्वांत जलद लॅप आणि दुसरा एखादा लॅप एकावर एक ठेवा. वळणातला सर्वांत कमी वेग पाहा. तो जास्त आहे, तरी पुढच्या सरळ पट्ट्यावर वेग मागे पडतोय, तर मूल आत जास्त वेगाने घुसून गॅस उशिरा देतंय. नव्या मुलांचा हा रोग नेहमीचा. स्क्रीनवर चालू लॅपचा सर्वांत जलद लॅपशी फरक दिसतो, तो पहिले काही दिवस बंद ठेवा. नजर वळणावर राहायला हवी.

मर्यादाही आहेत. जीपीएस सेकंदाला १० नोंदी घेतो, म्हणजे ताशी ९० किमी वेगाला दर अडीच मीटरला एक. पुढच्या ५एस मध्ये त्या २५ आहेत, म्हणजे दर मीटरला एक. वळणाच्या शिखराचा, म्हणजे कार्ट आतल्या कडेला सर्वांत जवळ येते तो, नेमका बिंदू शोधायचा असेल तरच तो फरक जाणवतो. मुंबईतल्या छताखालच्या ट्रॅकवर जीपीएस कामाचा नाही. तिथे ट्रॅकमध्ये चुंबकी पट्टी आणि कार्टखाली सेन्सर लागतो. ब्रेकचा दाब हा लॉगर एकटा मोजत नाही. फॉर्म्युला फोरमध्ये इंजिनिअर गॅस, ब्रेक आणि स्टिअरिंगचे आलेख समोर ठेवून बोलतो. आलेख वाचायची सवय कार्टमध्येच लागलेली बरी. मुंबईचाच जेहान दारुवाला २०११ मध्ये फोर्स इंडिया या तेव्हाच्या फॉर्म्युला वन संघाच्या निवडीतून पुढे आला आणि डिसेंबर २०२० मध्ये बहरीनला फॉर्म्युला वनच्या एकच पायरी खालच्या फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला. मधली सगळी वर्षं कार्ट आणि मग एकेक पायरी चढण्यात गेली.

आमच्या मते नव्याने सुरू करणाऱ्याला जुना, वापरलेला मायक्रॉन ५ पुरतो. घेताना बॅटरी पूर्ण चार्ज करून दोन तास चालू ठेवून बघा, तापमानाचा सेन्सर कोमट पाण्यात बुडवून आकडा वाढतो का ते पाहा, आणि मुंबईच्या दमटपणाने वायरींच्या पिनांवर हिरवा गंज चढलेला नाही, याची खात्री करा.