रॉक मासिकाची वर्गणी, नऊ महिने झाल्यावर: नाक कुठे गेलं?

परवा म्हापशात धो धो पाऊस, लाईट गेलेली, दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून इमर्जन्सी दिवा लावून मार्चचा अंक चाळत बसलो. डबल पान जरा सपाट दिसावं म्हणून मधे अंगठ्याने दाबलं तर कट्ट झालं आणि आठ पानं हातात आली. आठशे रुपयांचा अंक हो! वर्षाचे नऊ हजार सहाशे भरलेत, नऊ महिन्यांत नऊ यायला हवे होते, आले सात. दोन अंकांसाठी किती मेल केले ते विचारू नका, दर वेळी एकच उत्तर, पाठवलाय, वाट बघा. मासिकाचं नाव घेत नाही, ब्रिटिश आहे एवढंच. ज्यांनी इंपोर्टेड वर्गणी भरलीय त्यांनी ओळखलं असेल.

मी डीटीपीवाला, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावणारा, त्यामुळे मजकूर नंतर, आधी ले-आऊट बघतो. वर्गणी पण त्यासाठीच भरली. रॉक मासिकातलं मोठं फीचर कसं उघडतं ते तुम्हाला माहीतच आहे. डावीकडे ब्लीडपर्यंत, म्हणजे पानाच्या पार कडेपर्यंत फोटो, उजवीकडे दांडगं टायटल, खाली दोन-तीन ओळींचा इंट्रो आणि त्यातच लिहिणाऱ्याचं नाव वेगळ्या रंगात, मग ड्रॉप कॅप, म्हणजे लेखाचं पहिलं अक्षर दोन-तीन ओळींएवढं मोठं, तीन कॉलम, मधे गायकाचं एखादं खमंग वाक्य मोठ्या टायपात. माणूस मजकुराकडे बघत असलेला फोटो निवडतात, पानाबाहेर बघणारा नाही. रंग बाहेरून आणत नाहीत, फोटोतल्या जॅकेटचा किंवा गिटारचाच उचलतात. हे सगळं या मासिकात एक नंबर आहे, त्यात वाद नाही.

माझं भांडण फक्त दोन पानांमधल्या घडीशी आहे.

मार्चच्या त्या फीचरला एका गिटारिस्टचा चेहरा दोन्ही पानं मिळून लावलाय आणि नाक बरोब्बर मधे. अंक गोंदाच्या बाईंडिंगचा, पूर्ण उघडतच नाही, म्हणजे दोन डोळे आणि मधे खड्डा. पट्टी लावून मोजलं, दोन्ही बाजूंचं मिळून दीड सेंटीमीटर आत जातं. चार महिने मी त्या माणसाला बिननाकाचा बघतोय. बायको म्हणते तुला गाणी ऐकायची सोडून हेच कसं दिसतं. काय करू, दिसतं.

पिनेच्या मासिकात हा त्रास कमी, अंक तरी सपाट उघडतो. पण त्यातही मधलं जोडपान तेवढं अख्ख्या एका कागदावर असतं, बाकी प्रत्येक जोडपान दोन वेगळ्या कागदांचं, म्हणून कधी रंग एका बाजूला गडद येतो, कधी गिटारची तार मिलिमीटरभर वर सरकते. पोस्टर मधल्या पानावर देतात ते उगाच नाही, पिना उचकटल्या की सरळ भिंतीवर. केरँग हे ब्रिटिश रॉक मासिक १९८१ साली साउंड्स या संगीत साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघालं, त्याचे जुने अंक मी हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात घासाघीस करून घेतलेत, पोस्टर अर्थातच कोणीतरी आधीच काढलेले. रोलिंग स्टोन या अमेरिकन मासिकानेही २००८ मध्ये मोठा आकार सोडून लहान आकार आणि गोंद घेतला आणि २०१८ ला परत आकार वाढवला. लहान करताना त्यांच्या आर्टवाल्याला काय वाटलं असेल ते मला विचारा.

आता खरी गंमत. सुटलेली पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि नाक परत आलं! अगदी मधली बारीक पट्टी सोडून, ती बाईंडिंगच्या वेळी पाठ खरवडतात त्यात गेली. पहिल्यांदाच चित्र पुरं दिसलं तर लक्षात आलं की डाव्या डोळ्याची नजर थेट इंट्रोवर जाते आणि इंट्रोतल्या नावाचा लाल रंग गिटारचाच आहे. नऊ महिन्यांच्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या, म्हटलं डिझायनर शाणा, गोंदवालाच बेकार.

दिवसभर हेच मत होतं. मग संध्याकाळी परत बघितलं आणि डोकं फिरलं. टायटल चार शब्दांचं, दोन्ही पानांवर पसरलेलं, आणि मधल्या दोन शब्दांमधे त्याने व्यवस्थित जागा सोडलीय, एक अक्षर घडीत जाऊ दिलेलं नाही. म्हणजे बाबाला घडी माहीत होती! अक्षर वाचवलं आणि नाक सोडलं. फोटो नुसता चार बोटं डावीकडे घेतला असता तर?

वर्गणीचा फायदा झाला नाही असं नाही. शिमग्याच्या आधी एका भजनी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम आलं, पिनेची, बत्तीस पानी. सोळा-सतरा पानावर पखवाजवाले बुवा ब्लीडपर्यंत लावले, पखवाज डाव्या पानावर, तोंड उजव्या पानावर, घडीत फक्त काळोख. ड्रॉप कॅपने मात्र तीन तास खाल्ले. लेख ‘किती’ने सुरू होत होता, आता मोठा नुसता क करायचा की वेलांटीसकट? वेलांटी घेतली तर ती ओळीच्या डोक्यावर चढते. ‘गेली पन्नास वर्षं’ करून बघितलं तर मात्रा वर. शेवटी लेखकाला फोन करून ‘पन्नास वर्षं’ने सुरुवात करवली, प वर काहीच नाही, शिरोरेघ पहिल्या ओळीच्या शिरोरेघेला बरोबर टेकली. इंग्रजीवाल्यांना ही कटकट नाही, म्हणून त्यांचे ड्रॉप कॅप एवढे ऐटीत. अध्यक्ष प्रूफ बघून म्हणाले, सगळं बरं आहे रे, पण माझा फोटो खंय? पान तीनवर पासपोर्ट साईज लावला आणि विषय मिटवला.

ज्यांना घ्यायचंय त्यांनी डिजिटल घ्यावं का? टॅबवर घडी नाही, नाक शाबूत, पण आडवा धरला की अक्षर मुंगीएवढं आणि उभा धरला की जोडपान अर्धं. मी दोन महिने करून बघितलं, सोडून दिलं. छापील घेत असाल तर पावसाचे चार महिने कपाटात कळीच्या चुन्याची पुरचुंडी ठेवा, गुळगुळीत आर्ट पेपरला गोंद आधीच कमी धरतो, त्यात आमची हवा.

रिन्यूअलचा मेल आलाय, वीस टक्के सूट म्हणे. आधी माझे दोन अंक पाठवा असं कळवलंय. मार्चची ती दोन पानं मी टेबलाच्या काचेखाली जोडून लावलीत, मधल्या पट्टीच्या जागी काळी टेप. चवथीच्या पावत्या छापायला येणारे हल्ली विचारतात, हो कोण, तुमचो भाव (भाऊ)?