तासगावच्या द्राक्षबागेतलं भाड्याचं घर: छाटणीपासून बेदाण्यापर्यंतचा अनुभव

गेल्या दसऱ्यापासून तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागेतलं दोन खोल्यांचं घर आम्ही अधूनमधून भाड्याने घेतोय. कधी शनिवार-रविवार, नाताळच्या सुट्टीत सलग मोठा मुक्काम, आणि आता बेदाण्याचा हंगाम उरकत असताना पुन्हा. सोबत सासूबाई आणि शाळकरी मुलगा. घराचा पुरता अंदाज आलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

पूर्ण घराचं भाडं दिवसाला बाराशे रुपये, आठवडाभर राहिलं तर त्याहून कमी. जेवण त्यात धरलेलं नाही, स्वयंपाक आपला आपण करायचा. मालकीणबाईंना, म्हणजे काकींना, सकाळी सांगून ठेवलं तर शाळूच्या भाकरी थापून देतात, त्याचे पैसे वेगळे.

ही दाखवण्यापुरती शेती नाही. बैलगाडीची फेरी नाही, पोहायचा तलाव नाही, रात्री गाणीबजावणी नाही. घर बागेच्या कडेला आहे आणि त्या घरातल्या माणसांचा वर्षाचा सगळा पैसा त्याच बागेतून यायचा असतो. त्यामुळे पाहुणे आलेत म्हणून शेतातलं एकही काम थांबत नाही. भाडं कमी आहे ते यामुळेच, आणि आम्ही पुन्हा पुन्हा जातो तेही यामुळेच.

स्वयंपाकाच्या ओट्यावर भिंतीला एक पाटी आहे. काका रोज संध्याकाळी तिच्यावर खडूने दुसऱ्या दिवसाचं काम लिहून जातात. ‘पहाटे औषध. बागेकडची खिडकी लावा. कपडे आत.’ ‘आज लाईट रात्री, मोटर चालू राहील.’ ‘विरळणीला (घडातले जादा मणी काढायला) माणसं आहेत, पोराला पाठवा.’ एवढ्या तीन ओळींनी आमचा मुक्काम सोपा केला. इतर ठिकाणी आम्ही राहिलोय, तिथे चकचकीत माहितीपत्रक मिळतं, पण उद्या सकाळी दाराबाहेर काय चाललेलं असेल हे कुणी सांगत नाही. इथे ते रोज, न विचारता कळतं.

औषधाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना ते माहीत हवं. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर बाग फुटते आणि घड फुलोऱ्यात येतात तेव्हा पाऊस झाला तर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. मग फवारणी टळत नाही, फवारणीचा ब्लोअर अंधारातच सुरू होतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा अवकाळीचे ढग होते आणि काका आभाळाकडे बघत अर्धी रात्र जागे होते. ज्यांना दम्याचा त्रास आहे किंवा घरात तान्हं बाळ आहे त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळावा. काढणी जवळ आली की फवारणी कमी होत जाते आणि बागेत मोकळेपणाने फिरता येतं.

स्वयंपाकघर छोटं, पण विचार करून मांडलेलं. दोन शेगड्यांचा गॅस, कुकर, जाड बुडाची कढई, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं, छोटा फ्रीज. मीठ-मसाले आपले न्यावेत. बोअरचं पाणी जड आहे, त्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून डाळीला फिल्टरचं पाणी घ्या. आंघोळीचं पाणी बंबावर तापतं, आणि बंबात जळण म्हणून छाटणीच्या वाळक्या काड्या. त्या पटकन पेट घेतात, मुलगा आठ वर्षांचा असून बंब पेटवायला शिकला. बाजारात कृष्णाकाठची वांगी मिळतात. बंबाच्या निखाऱ्यावर भाजून त्यांचं भरीत केलं, वर कच्चा कांदा आणि तेल, आणि काकींची भाकरी. सासूबाई एरवी बाहेर गेल्या की दोन घास कमीच खातात, इथे त्यांनी भाकरी मागून घेतली.

बेदाण्याचे दिवस तर चुकवूच नयेत. थॉमसन आणि तास-ए-गणेश या द्राक्षाच्या जातींचा काही माल या बागेतच वाळवतात. घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून काढतात, मग शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळीच्या रॅकवर पसरतात. शेडला छप्पर असतं, बाजू उघड्या, वारा आरपार जातो. साधारण दोन आठवड्यांत हिरवा मणी सुरकुततो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो, हे काकांनी मुलाच्या हातावर दोन्ही ठेवून दाखवलं. वाळत घातलेल्या मालावर पाऊस आला की रंग जातो आणि भाव पडतो. खाली बसून बायका मणी निवडत होत्या, पिवळसर-हिरवे एकीकडे, काळपट दुसरीकडे. किराणा दुकानातल्या बेदाण्यामागे किती हात लागतात ते मला तिथे पहिल्यांदा नीट दिसलं. जाताना दोन किलो विकत घेतला.

आता उणिवा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मिक्सर फिरत नाही, चटण्या दुपारीच वाटून ठेवा. मोबाईलला रेंज अंगणात येते, आत नाही, त्यामुळे घरून काम करायच्या बेताने जाऊ नका. शेतीच्या मोटरला रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात मोटरचा आवाज येतो, झोप हलकी असेल तर मागची खोली घ्या. संडास घराबाहेर चार पायऱ्या उतरून आहे. सासूबाईंना त्याची अडचण झाली तसं मी सांगितलं, तर पुढच्या खेपेला पायऱ्यांना लोखंडी पाईपचा कठडा लावलेला होता.

फिरायचं म्हणाल तर तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपूर बघा, दक्षिणेकडच्या धाटणीचं असं गोपूर आपल्याकडे क्वचित दिसतं. दसऱ्याला असाल तर कवठे एकंदची आतषबाजी. बाकी वेळ बागेतच जातो.

पुण्या-मुंबईकडून रेल्वेने येणाऱ्यांना कोयना एक्सप्रेस किर्लोस्करवाडीला सोडते, पुढे एसटी किंवा रिक्षा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, त्याखालची नोंदणी या मालकांनी करून घेतलेली आहे. कुठेही गेलात तरी ती विचारून घ्या. बुकिंग फोनवर होतं, पण दुपारी जेवणाच्या वेळेला करा, एरवी दोघंही बागेत असतात. फेब्रुवारी-मार्चच्या तारखा दिवाळीतच ठरवून टाका, कारण काढणीला बाहेरगावची माणसं आली की हेच घर त्यांना राहायला देतात, आणि त्यांचा मान पहिला.