'ब्रॉख'चा माग आणि स्कॉट्स भाषेचा ऑनलाइन कोश

'डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' हा स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेचा कोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. त्याची खरी योग्यता एखाद्या शब्दाचा इतिहास शोधताना कळते, म्हणून मी 'ब्रॉख' हा शब्द निवडला.

ब्रॉख म्हणजे चुन्याविना रचलेल्या दगडांचा, दुहेरी भिंतीचा गोल बुरुज. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांपैकी मूसा बेटावरचा बुरुज आजही सुमारे 13 मीटर उंच उभा असून त्याच्या दोन भिंतींमधल्या पोकळीतून दगडी जिना माथ्यापर्यंत चढतो. हे बुरुज लोहयुगातले, म्हणजे सुमारे 2000 वर्षांपूर्वीचे. नाव मात्र जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातील प्राचीन, भाषेतील 'बोर्ग', म्हणजे गढी, या शब्दातून आले आणि ती भाषा बोलणारे लोक त्या बेटांवर कित्येक शतकांनंतर स्थायिक झाले. बांधणाऱ्यांनी आपल्या बुरुजांना काय म्हटले असेल, ते नाव कायमचे हरवले, ही मला या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत हुरहूर लावणारी गोष्ट वाटते. 'बोर्ग'मधील स्वर आणि 'र' यांची जागा बदलून, वर्णविपर्ययाने, 'ब्रॉख' झाले.

कोशाचे मोठेपण असे की तो गढीपाशीच थांबत नाही. चंद्राभोवतीचे खळे आणि कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याच्या, खेळातील लक्ष्याभोवतीचे वर्तुळ यांनाही स्कॉट्समध्ये ब्रॉख म्हणतात, तर स्कॉटलंडच्या ईशान्येकडील लोक फ्रेझरबर्ग या गावालाच 'द ब्रॉख' म्हणतात. अर्थासोबत वापराची अवतरणे, त्यांची साले आणि प्रदेश दिलेले असल्यामुळे शब्द कुठे व केव्हा वावरला हे वाचकाला स्वतः पडताळता येते. आपल्या दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'तही जुन्या ग्रंथांतील उदाहरणे आहेत; त्यांना अशी सालवारी मिळाली तर किती उपयोग होईल!

वापरणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथे दोन मोठे कोश एकत्र आणले आहेत : विल्यम क्रेगी यांनी आरंभलेला, 1700 पर्यंतच्या भाषेचा 12 खंडांचा, 2002 मध्ये पूर्ण झालेला कोश आणि 1700 नंतरच्या भाषेचा, 1931 ते 1976 या काळात निघालेला 10 खंडांचा कोश. त्यामुळे एकाच शब्दाच्या नोंदी दोन्हीकडे आणि वेगवेगळ्या वर्णलेखनाखाली शोधाव्या लागतात. संक्षेपही पुष्कळ आहेत; त्यांची यादी आधी नजरेखालून घातल्यास पुढचे वाचन सुकर होते.